विश्लेषण : पचनसंस्थेच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडांना धोका का? शहापूर-मुरबाडच्या रुग्णांनी काय जपावे?

अन्ननलिका, जठर, आतडे, यकृत किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होते, गाठ निघते, टाके भरत येतात. पण रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले दिसते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडांना अचानक होणारी ही इजा जगभर आढळते. सर्व प्रकारच्या मोठ्या शस्त्रक्रियांचा विचार करणारा ‘एपिस-एकेआय’ हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ३० देशांतल्या १० हजार ५६८ रुग्णांपैकी १८.४ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतरच्या ७२ तासांत ही इजा झाली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या ग्रामीण तालुक्यांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया बहुधा मुंबईत किंवा मोठ्या शहरात होते, पण त्यानंतरचा जोखमीचा बराचसा काळ गावात जातो. ही इजा का होते, कोणाला होते आणि गावात ती वेळेत कशी ओळखता येईल, याचा हा आढावा.

‘एकेआय’ म्हणजे नेमके काय?

हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी जवळपास पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. हा पुरवठा कमी झाला, रक्तात जंतुसंसर्ग पसरला किंवा एखाद्या औषधाचा विषारी परिणाम झाला, तर मूत्रपिंडांचे काम काही तासांत मंदावते. यालाच ‘ॲक्युट किडनी इंज्युरी’ किंवा ‘एकेआय’ म्हणतात. वर्षानुवर्षे हळूहळू बळावणाऱ्या मूत्रपिंडविकारापेक्षा हा प्रकार वेगळा आहे.

‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये ठरवलेले निकष आज जगभर वापरले जातात. रक्तातील क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅमने किंवा त्याहून जास्त वाढले, सात दिवसांत मूळ पातळीच्या दीडपट झाले किंवा सलग सहा तास लघवीचे प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी राहिले, तर तो ‘एकेआय’ समजतात. यापैकी एक निकष पूर्ण झाला तरी पुरे. ५० किलो वजनाच्या माणसाचा हिशोब केला, तर ताशी २५ मिलिलिटर आणि सहा तासांत १५० मिलिलिटर लघवी व्हायलाच हवी. म्हणजे चहाचे दोन छोटे कप. त्याहून कमी झाली तर धोक्याची सूचना समजावी. सुरुवातीला दुखत नाही, ताप येत नाही. त्यामुळे मोजल्याशिवाय हा विकार लक्षात येत नाही.

प्रमाण किती? परिणाम किती गंभीर?

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांपुरते पाहायचे, तर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले एक एकत्रित विश्लेषण महत्त्वाचे आहे. १९ अभ्यासांतील ८२ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती त्यात एकत्र केली होती. त्यानुसार सुमारे १३.४ टक्के रुग्णांना, म्हणजे साधारण साडेसात रुग्णांमागे एकाला, ‘एकेआय’ झाला. ज्यांना तो झाला, त्यांच्यात नजीकच्या काळातील मृत्यूचे प्रमाण इतरांच्या तुलनेत सुमारे बारापट होते.

हा आकडा वाचताना एक सावधगिरी हवी. मुळात अधिक आजारी, अधिक वयाच्या आणि अधिक गुंतागुंत झालेल्या रुग्णांनाच ‘एकेआय’ जास्त होतो. त्यामुळे सगळे मृत्यू मूत्रपिंडांमुळेच झाले, असा अर्थ निघत नाही. मात्र क्रिएटिनिन वाढणे ही शरीरात काही तरी बिघडत असल्याची आगाऊ सूचना आहे, एवढे निश्चित. बहुतांश रुग्णांना डायलिसिसची वेळ येत नाही. वेळेत लक्षात आले तर अनेकांची मूत्रपिंडे पूर्ववत होतात. सगळा प्रश्न वेळेत लक्षात येण्याचा आहे.

शस्त्रक्रिया पोटावर, ताण मूत्रपिंडांवर का?

अन्ननलिका, जठर किंवा स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया अनेक तास चालते. भूल दिल्यावर रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब खाली येतो. त्यात रक्तस्राव झाला तर तो आणखी घसरतो. रक्तदाब ठरावीक पातळीखाली जितका जास्त वेळ राहील, तितकी मूत्रपिंडांची उपासमार वाढते. म्हणूनच भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेत मिनिटामिनिटाला रक्तदाबावर नजर ठेवतात.

पोटाच्या शस्त्रक्रियेत आणखी एक गोष्ट घडते. आतडी हाताळल्यामुळे सुजतात आणि शरीरातील पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून ऊतींमध्ये साठते. रुग्णाचे अंग सुजलेले दिसते, पण रक्तवाहिन्यांमध्ये पाणी कमीच असते. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरतात. त्याच्या दाबामुळेही मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त तात्पुरते कमी होते. शस्त्रक्रियेनंतर सर्वांत मोठी भीती असते ती आतड्याच्या जोडातून गळती होण्याची. गळती झाली की जंतुसंसर्ग पोटात आणि तिथून रक्तात पसरतो. अशा वेळी मूत्रपिंड हा सर्वांत आधी कोलमडणाऱ्या अवयवांपैकी एक असतो. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी अचानक लघवी कमी झाली, तर शल्यविशारद मूत्रपिंडांबरोबरच जोडाचीही तपासणी करतात.

जोखीम कोणाला जास्त?

वाढते वय, मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि आधीपासून असलेला मूत्रपिंडविकार ही प्रमुख कारणे. रक्तक्षय, रक्तातील प्रथिनांची कमतरता, मोठा रक्तस्राव आणि तातडीने करावी लागलेली शस्त्रक्रिया यांमुळे धोका वाढतो. पित्तनलिका किंवा स्वादुपिंडाच्या गाठीमुळे कावीळ झालेल्या रुग्णांची मूत्रपिंडे अधिक नाजूक असतात. शस्त्रक्रियेपूर्वी सिस्प्लॅटिनसारखे केमोथेरपीचे औषध दिले गेले असेल, तर त्याचा थेट परिणाम मूत्रपिंडांवर झालेला असू शकतो.

ग्रामीण भागात यात उशिराची भर पडते. सरकारी आरोग्य केंद्रांत ३० वर्षांवरील नागरिकांची जी कर्करोग तपासणी होते, ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांपुरती आहे. जठर, आतडे किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी तशी सरसकट तपासणी नाही. त्यामुळे गिळताना अडकणे, सतत उलट्या, शौचातून रक्त, कावीळ किंवा आतडे बंद पडणे अशी लक्षणे बळावल्यावरच रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतो. ‘पित्त झालंय’, ‘मूळव्याध असेल’ म्हणत महिने गेलेले असतात. तोवर वजन उतरलेले असते, शरीरातील पाणी कमी झालेले असते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधीच मूत्रपिंडांची निम्मी राखीव ताकद वापरली गेल्यासारखी ही अवस्था असते.

याच तपासणीत रक्तदाब आणि साखरही मोजली जाते. पण औषध नियमित सुरू नसेल, तर त्या मोजणीचा उपयोग होत नाही. अनेकांना आपल्याला मधुमेह असल्याचे कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीतच पहिल्यांदा कळते.

‘नॉर्मल’ अहवाल का फसवतो?

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा हा आहे. क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होते. ज्याच्या अंगावर स्नायू कमी, त्याचे क्रिएटिनिन मुळातच कमी. प्रयोगशाळेच्या अहवालात सामान्य पातळी साधारण ०.६ ते १.२ मिलिग्रॅम अशी छापलेली असते. पण कर्करोगाने खंगलेल्या, ४० किलो वजनाच्या एखाद्या शेतमजूर महिलेचे मूळ क्रिएटिनिन ०.५ असू शकते. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी ते १.० झाले, तर अहवालात कुठेही लाल खूण किंवा ठळक अक्षर दिसणार नाही. छापील चौकटीत आकडा ‘नॉर्मल’ आहे. प्रत्यक्षात तो दुप्पट झाला आहे. केडिगोच्या निकषानुसार हा दुसऱ्या टप्प्यातील ‘एकेआय’ ठरतो.

शस्त्रक्रियेनंतर पडून राहिल्याने आणि जेवण कमी झाल्याने स्नायू आणखी झिजतात. त्यामुळे क्रिएटिनिन कृत्रिमरीत्या आणखी कमी दिसते. शिवाय इजा झाल्यावर हा आकडा लगेच वाढत नाही. त्याला एक ते दोन दिवस लागतात. थोडक्यात, एकटा आकडा फारसे सांगत नाही. त्याच रुग्णाचा आधीचा आकडा शेजारी ठेवला की अर्थ कळतो.

शहापूर-मुरबाडच्या रुग्णासाठी याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी मुंबईत झालेली असते. तो कागद किंवा त्याचा मोबाइलमधला फोटो रुग्णाजवळ नसेल, तर गावातल्या डॉक्टरांना तुलना कशाशी करायची हेच कळत नाही. ‘क्रिएटिनिन १.०, काही काळजी नाही’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाऊ शकते, आणि त्यात डॉक्टरांचा दोषही नसतो.

सलाइन किती द्यायचे? कमी की जास्त?

मूत्रपिंडांना पाणी हवे, म्हणून भरपूर सलाइन द्यावे, हा एकेकाळचा समज. नंतरच्या काळात जास्त सलाइनमुळे आतडी आणि फुप्फुसे सुजतात, म्हणून हात आखडता घ्यावा, असा मतप्रवाह आला. या वादावर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिलीफ’ या चाचणीने प्रकाश टाकला. सात देशांतील सुमारे तीन हजार रुग्णांवर ती झाली. सर्वांवर पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. एका गटाला पहिल्या २४ तासांत सुमारे ३.७ लिटर, तर दुसऱ्या गटाला सुमारे ६.१ लिटर द्रव मिळाले. एका वर्षानंतर अपंगत्वाविना जगण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे होते. पण मूत्रपिंडांची इजा कमी द्रव मिळालेल्या गटात ८.६ टक्के, तर जास्त द्रव मिळालेल्या गटात ५ टक्के होती.

म्हणजे फार हात आखडल्यास त्याची किंमत मूत्रपिंडे मोजतात. आज अनेक केंद्रांत रुग्णागणिक मोजून द्रव देण्यावर भर असतो. शस्त्रक्रियेआधीच्या उपासाबाबतही नियम बदलले आहेत. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको’ ही जुनी पद्धत. आता पोटात अडथळा नसलेल्या बहुतेक रुग्णांना भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत साधे पाणी पिण्याची मुभा मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. मात्र जठर किंवा आतड्यात अडथळा असलेल्यांना हा नियम लागू होत नाही. त्यामुळे निर्णय भूलतज्ज्ञांनीच घ्यायचा असतो. आपण नेमके किती वाजेपर्यंत पाणी प्यायचे, हे रुग्णाने आदल्या दिवशी विचारून घ्यावे.

घरी आल्यावर धोका संपतो का?

नाही. काही रुग्णांच्या बाबतीत तो घरीच सुरू होतो. गुदाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत खालचा जोड भरून येईपर्यंत अनेकदा लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावतात. याला ‘इलिओस्टॉमी’ म्हणतात. रुग्णांच्या बोलण्यात ती नुसती ‘पिशवी’. अन्नातील पाणी शोषून घेण्याचे मोठ्या आतड्याचे काम त्या काळात बंद असते. त्यामुळे पाणी आणि मीठ थेट पिशवीत जाते. पिशवीतून दिवसाला दीड लिटरपेक्षा जास्त द्रव जाऊ लागला, तर शरीर झपाट्याने कोरडे पडते. घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अशा रुग्णांना पुन्हा दाखल करण्याचे एक मुख्य कारण हेच असते. सोबत मूत्रपिंडांची इजाही असते.

इथे शहापूरचा जुना विरोधाभास रुग्णाच्या घरापर्यंत येतो. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी भातसा आणि तानसा याच तालुक्यात आहेत. सातही जलाशयांच्या एकूण साठवणक्षमतेत एकट्या भातसाचा वाटा जवळपास निम्मा आहे. तरीही उन्हाळ्यात तालुक्यातील अनेक पाडे टँकरची वाट पाहतात. एप्रिल-मेच्या उन्हात, पत्र्याच्या घरात, पिशवी लावलेला रुग्ण पाणी जपून वापरणाऱ्या कुटुंबात राहतो, तेव्हा त्याच्या वाट्याचे पाणी कुठल्याही कारणाने कमी पडणे धोक्याचे असते. पिशवी धुण्यासाठी लागणारे पाणी वाचावे म्हणून कमी खाणे-पिणे, हा तर उलटा उपाय ठरतो.

आणखी एक गैरसमज म्हणजे नुसते साधे पाणी भरपूर प्यावे. इलिओस्टॉमीत पाण्याबरोबर मीठही जाते. फक्त साधे पाणी पीत राहिल्यास पिशवीतून जाणारा द्रव वाढू शकतो आणि रक्तातील सोडियम घटते. म्हणून अशा रुग्णांना ओआरएस सांगितले जाते. एक पाकीट एक लिटर पाण्यात, ना कमी ना जास्त. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी किती घ्यायचे, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

कोणती औषधे घातक ठरू शकतात?

पहिला क्रमांक वेदनाशामकांचा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या गटातील गोळ्या आणि इंजेक्शने मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. निरोगी माणसाला एखादी गोळी चालून जाते. पण पाणी कमी झालेल्या, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला तीच गोळी महागात पडू शकते. टाके दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी किंवा अंगदुखीसाठी घेतलेले ‘एक इंजेक्शन’ इथे टाळायला हवे. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित मानले जाते, पण त्याचेही प्रमाण ठरलेले असते. जेंटामायसिन, ॲमिकासिन ही प्रतिजैविके देताना मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावे लागते. घटक माहीत नसलेले चूर्ण, भस्म किंवा काढे या काळात घेऊ नयेत.

रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्यांचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. शस्त्रक्रियेआधी त्या थांबवाव्यात की चालू ठेवाव्यात, यावर फ्रान्समध्ये दोन हजार २२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. दोन्ही गटांत मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंतीचे एकत्रित प्रमाण सारखेच, २२ टक्के होते. मात्र गोळ्या चालू ठेवलेल्यांमध्ये शस्त्रक्रियेदरम्यान रक्तदाब घसरण्याचे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. पण घरी आल्यावर जुलाब, उलट्या किंवा पिशवीतून जास्त द्रव जात असताना या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या तशाच चालू ठेवायच्या की काही दिवस थांबवायच्या, हे डॉक्टरांना फोन करून विचारणे आवश्यक आहे. मनाने बंद करणेही चूक आणि मनाने चालू ठेवणेही चूक.

शहापूर-मुरबाडमध्ये सोय काय, अडचण काय?

२०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण आणि आदिवासी भागाचा मोठा हिस्सा या दोन तालुक्यांत उरला. २०११च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या मिळून सुमारे पाच लाख. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय, आणि गावोगाव प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे. कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मात्र परळचे टाटा मेमोरियल किंवा मुंबई-ठाण्यातील अन्य मोठे रुग्णालय गाठावे लागते. शहापूरच्या रुग्णाला आसनगाव स्थानकातून लोकल मिळते. तिथून मुंबई सीएसएमटी सुमारे ८५ किलोमीटर. मुरबाडला रेल्वे नाही. आधी रस्त्याने कल्याण, मग लोकल. डोळखांब, किन्हवलीकडचा किंवा माळशेजच्या वाटेवरील टोकावडे, मोरोशीचा रुग्ण असेल, तर त्याआधी आणखी एक टप्पा. पोटावर ताजे टाके आणि पिशवी घेऊन फक्त ‘लघवी कमी होतेय’ एवढ्यासाठी हा प्रवास कोणी सहज करत नाही. रोजंदारी बुडते, सोबतीला माणूस लागतो.

पण क्रिएटिनिन तपासायला परळला जाण्याची गरज नाही. सरकारी आरोग्य संस्थांत घेतलेल्या रक्तनमुन्यांची मोफत तपासणी करणारी ‘महालॅब’ ही व्यवस्था राज्यात २०१७ पासून आहे. ग्रामीण डॉक्टरांनाही हा विकार अनोळखी नाही. घोणस चावलेल्या किंवा भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस झालेल्या रुग्णाची लघवी मोजणे, क्रिएटिनिन पाहणे हे काम या भागातले डॉक्टर आणि परिचारिका करत आलेले आहेत. तीच सवय कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या रुग्णासाठी वापरायची आहे.

खरी फट पाठपुराव्यात आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या उपचार पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतर १० दिवसांपर्यंतची औषधे आणि सल्ला येतो. आयुष्मान भारत योजनेत हा काळ १५ दिवसांचा आहे. काही निवडक उपचारांसाठी पाठपुराव्याची वेगळी पॅकेजे आहेत. मूत्रपिंडांच्या इजेचा हिशोब मात्र ९० दिवसांचा असतो. पिशवी तर अनेकदा त्याहून जास्त काळ राहते. मुंबईतून रुग्ण निघताना त्याचे शस्त्रक्रियेपूर्वीचे क्रिएटिनिन, वजन आणि पुढच्या तपासणीची तारीख गावच्या आरोग्य केंद्राला कळवण्याची पद्धत पडली, तर नवी इमारत किंवा यंत्र न आणताही बराच धोका टळू शकतो. आशा सेविका बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात. अशा रुग्णाच्या घरी तशीच एक फेरी पुरेशी उपयोगी ठरेल.

इजा झालीच, तर पुढे काय?

कारण शोधून ते दूर करणे हाच मुख्य उपचार. पाणी कमी असेल तर ते भरून काढणे, जंतुसंसर्ग असेल तर तो आटोक्यात आणणे, घातक औषध बंद करणे. मूत्रपिंडे बरी करणारी जादूची गोळी नाही. रक्तातील पोटॅशियम धोकादायकरीत्या वाढले किंवा फुप्फुसांत पाणी साठले, तर डायलिसिस करावे लागते. ते अनेकदा तात्पुरते असते.

कर्करोगाच्या रुग्णाला याचा दुहेरी फटका बसतो. शस्त्रक्रियेनंतरची केमोथेरपी साधारण सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हावी, असा प्रयत्न असतो. मूत्रपिंडे मंदावलेली असतील तर ती पुढे ढकलावी लागते. आतड्याच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या कॅपेसिटाबिन गोळीची मात्रा कमी करावी लागते किंवा ती देताच येत नाही. सिस्प्लॅटिनचाही विचार बदलावा लागतो. म्हणजे मूत्रपिंड सांभाळणे हा कर्करोगाच्या उपचाराचाच भाग आहे. ‘एकेआय’ होऊन गेल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, असे केडिगोच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. काहींना पुढे कायमचा मूत्रपिंडविकार जडतो आणि तो सुरुवातीला फक्त तपासणीतच दिसतो.

रुग्ण आणि कुटुंबाने काय करावे?

शस्त्रक्रियेपूर्वीच्या क्रिएटिनिनच्या अहवालाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, तो घरातल्या आणखी एकाला पाठवावा आणि दर तपासणीला डॉक्टरांना दाखवावा. घरी सोडताना तीन प्रश्न विचारावेत : शेवटचे क्रिएटिनिन किती, पुढची तपासणी कधी आणि कोणत्या गोळ्या घ्यायच्या नाहीत? लघवी आणि पिशवीतील द्रव मोजण्यासाठी खुणा केलेली एक बाटली किंवा मग पुरे. आकडे वहीत रोज लिहावेत. जमेल तसे वजनही करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन उतरले, तर ते बहुधा पाणी गेल्यामुळे असते.

सहा-आठ तासांत लघवी जवळपास झालीच नाही, पिशवीतून दिवसाला दीड लिटरपेक्षा जास्त द्रव गेला, सतत उलट्या, थंडी वाजून ताप, उठताना चक्कर, पोटात वाढती वेदना, यापैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. प्रकृती खालावत असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तिथे पोहोचल्यावर आधी सांगायचे ते हे : कर्करोगाची शस्त्रक्रिया कधी झाली, आधीचे क्रिएटिनिन किती होते आणि कालपासून लघवी किती झाली. या तीन गोष्टी कळल्या की डॉक्टरांना सलाइन सुरू करायचे की रुग्णाला तातडीने पुढे पाठवायचे, हा निर्णय लवकर घेता येतो.